शाळेचा कारभार आणि गावाची जबाबदारी

(सोनारी, तालुका परंडा, जिल्हा धाराशिव येथील पालक व शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसाठी तयार केलेल्या भाषणाचा मजकूर)



सोनारी हे नाव श्रीकाळभैरवनाथाच्या स्थानामुळे दूरदूरच्या भाविकांना परिचित आहे. चैत्रातील यात्रा जवळ आली, की गाव एका विचाराने कामाला लागते. वर्गणी कोणी गोळा करावयाची, पाण्याची सोय कोणी पाहावयाची, आलेल्या पाहुण्यांच्या पंगतीची व्यवस्था कोणाकडे द्यावयाची, हे चार माणसे बसून ठरवितात आणि खर्चाचा हिशेबही चार माणसांसमोर होतो. सार्वजनिक कारभार कसा करावा, हे ग्रामीण महाराष्ट्राला बाहेरून कोणी शिकवावे लागत नाही. प्रश्न एवढाच आहे, की हीच दक्षता गावाच्या शाळेच्या वाट्याला येते काय?

शाळेचा पैसा कोठे खर्च व्हावा, मुलांची हजेरी कशी टिकावी आणि मुलांसाठी कोणते उपक्रम घ्यावेत, हे तीन प्रश्न वरवर पाहता मुख्याध्यापकांचे किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागाचे वाटतात. कायद्याने मात्र त्यांतील मोठा वाटा पालकांच्या हाती दिला आहे. तो अधिकार कोणता, तो कसा वापरावयाचा आणि न वापरल्यास काय हानी होते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा अधिकार कसा आला

लोकांनी शाळा चालवावी ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे सोपविला.

मराठवाड्याची वाट निराळी होती. हा भाग निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते आणि खेड्यातील मराठी मुलाला शाळेचा उंबरठा दूरचाच होता. अशा काळात याच जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांनी तेथे अध्यापन केले. सरकारी आश्रयाची अपेक्षा न ठेवता लोकांनी चालविलेल्या त्या शाळेतून मुक्तिसंग्रामाला कार्यकर्ते मिळाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळा त्यांच्या छत्राखाली आल्या.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. शाहू महाराजांच्या काळी सक्तीचा रोख पालकावर होता. या अधिनियमाने सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला शाळेत आणण्याचे आणि त्याचे शिक्षण पूर्ण होईल हे पाहण्याचे कर्तव्य शासनावर व स्थानिक प्राधिकरणावर टाकले. त्याच अधिनियमाच्या कलम २१ अन्वये शाळा व्यवस्थापन समिती आली.

समितीची घडण

या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक असावे लागतात. निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो, मुख्याध्यापक सचिवाचे काम पाहतात, समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा भरते आणि दर दोन वर्षांनी तिची पुनर्रचना होते.

समितीची मुख्य कामे अधिनियमातच नमूद आहेत. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि शासनाकडून, स्थानिक प्राधिकरणाकडून किंवा अन्य मार्गाने आलेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो हे पाहणे, ही ती कामे होत. हा अधिकार लहान नव्हे. असे असूनही अनेक गावांत समिती कागदावरच राहते. इतिवृत्ताची वही घरोघर फिरते, सह्या होतात आणि बैठक झाल्याची नोंद पडते. महिला सदस्याच्या नावापुढे तिच्या यजमानांचा अभिप्राय लिहिला जातो. ज्या मातेने मुलाला सकाळी शाळेत पाठविले, तिलाच त्याच्या शाळेविषयी विचारले जात नाही. समिती दुबळी राहण्याचे पहिले कारण हेच आहे.

पैशाचा हिशेब

समग्र शिक्षा अभियानाच्या निकषांनुसार शाळेला दरवर्षी एकत्रित शाळा अनुदान मिळते आणि ते पटसंख्येवर अवलंबून असते. एकतीस ते शंभर मुलांच्या शाळेसाठी २५ हजार रुपये, शंभराच्या वर अडीचशेपर्यंत ५० हजार, त्यापुढे एक हजारापर्यंत ७५ हजार असे हे टप्पे आहेत. यातील किमान दहा टक्के रक्कम स्वच्छतेसाठी राखून ठेवावयाची असते.

समजा, एखाद्या शाळेचा पट १२० आहे. तिच्या वाट्याला ५० हजार रुपये येतील. स्वच्छतेचे पाच हजार बाजूला काढले, की ४५ हजार उरतात. मुलामागे वर्षाला ३७५ रुपये, आणि शाळेचे दिवस २२० धरले तर दिवसाला पावणेदोन रुपयांहूनही कमी! यातूनच विजेचे बिल, खडू-कागद, नळाची दुरुस्ती, मोडलेली खिडकी आणि वाचनाची पुस्तके भागवावयाची आहेत.

पैसा थोडा असतो तेव्हा निर्णयाचे मोल वाढते. प्रवेशद्वाराची रंगरंगोटी आधी, की मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आधी? कार्यक्रमासाठी ध्वनिक्षेपक घ्यावा, की दुसरीच्या वर्गाचे गळके छप्पर नीट करावे? या प्रश्नांची उत्तरे मुंबईतून अथवा जिल्ह्याच्या ठिकाणाहून मिळणार नाहीत. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही ही गोष्ट अहवालात येण्यापूर्वी सहावी-सातवीतील मुलीच्या आईला कळते. ती समितीत बोलली, तर खर्चाचा क्रम बदलतो.

यासाठीच शाळा विकास आराखडा हवा. तीन वर्षांची गरज एकत्र मांडावयाची, तिची वर्षवार विभागणी करावयाची आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी तीन महिने आराखडा तयार ठेवावयाचा, अशी त्याची रीत आहे. मार्च अखेरीस अनुदान घाईने खर्च करण्याची वेळ आराखडा नसलेल्या शाळेवर येते. शाळेत किती रुपये आले, कशावर गेले आणि किती शिल्लक आहेत, एवढ्या तीन ओळी दरमहा फळ्यावर लिहिल्या, तर गावातील निम्म्या शंका तेथेच मिटतील. हिशेब उघडा असला, की लोकवर्गणीसाठीही हात सैल होतो, हा अनुभव यात्रेचा कारभार पाहणाऱ्यांना नवा नाही.

पट आणि हजेरी

पटावर नाव असणे आणि वर्गात मूल असणे या दोन निराळ्या गोष्टी होत. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर शाळांची विशेष पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरील मुले आणि प्रत्यक्षातील मुले यांतील तफावत साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. पटावर शिक्षकांची पदे, आहाराचे धान्य व अनुदान अवलंबून असते. त्यामुळे खोटा पट ही सार्वजनिक पैशाची हानी ठरते. त्याहून मोठी हानी आणखी एक आहे. गैरहजर मूल कागदावर हजर दिसले, की त्याला शोधावयास कोणी जात नाही.

हजेरी वाढविण्यासाठी शासनाने वेळोवेळी योजना आखल्या. दुर्बल घटकांतील पहिली ते चौथीच्या मुलींसाठी १९९२ मध्ये दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्त्याची योजना सुरू झाली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात शालेय पोषण आहाराच्या कार्यक्रमास प्रारंभ झाला, आणि २०२१ पासून तो प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखला जातो. प्राथमिक वर्गातील मुलाला दररोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे त्याचे मान आहे. खिचडीच्या पातेल्याजवळ पालकाने आठवड्यातून एकदा उभे राहावे, चव घ्यावी आणि वहीत नोंद करावी. त्याला खर्च येत नाही आणि आहाराचा कस टिकून राहतो.

कोयत्याबरोबर जाणारी मुले

या भागातील हजेरीचा खरा प्रश्न मात्र निराळाच आहे. धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेकडील तालुके पर्जन्यछायेतील आहेत. जिरायत शेतीवर बारा महिने भागत नाही. दसरा-दिवाळी झाली, की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. नवराबायकोच्या जोडीला तोडीच्या भाषेत ‘कोयता’ म्हणतात. कोयता निघाला, की त्याच्यामागे मूलही निघते. थोरली मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते आणि कोपीची राखण करते. हंगाम आटोपून टोळी परतते, तेव्हा बहुधा मार्च सरलेला असतो.

अधिनियमाने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस अध्यापनाचे ठरविले आहेत. तोडीवर गेलेल्या मुलाच्या हातून यांतील निम्म्याच्या आसपास दिवस जातात. परत आल्यावर वर्गातील धडे पुढे गेलेले असतात. भागाकार चुकू लागतो, वाचताना अडखळायला होते, सोबती हसतात, आणि एके दिवशी मूल शाळेकडे फिरकणे सोडते. त्याने शाळा सोडली ती जून महिन्यात, असे दाखल्यावर दिसते. खरे म्हणजे ती सुटलेली असते आदल्या हंगामातच.

या मुलांसाठी शासनाने हंगामी वसतिगृहाची योजना आणली. मूल गावातच आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहते, सकाळ-संध्याकाळचे जेवण शाळेत घेते, दुपारी पोषण आहार असतो आणि शाळेनंतर अभ्यासासाठी थांबते. या योजनेचा कणा शाळा व्यवस्थापन समिती हाच आहे. कोणती कुटुंबे जाणार, कोणती मुले मागे राहतील, स्वयंपाक कोण करील, किराणा कोठून घ्यावयाचा आणि सायंकाळी मुलांजवळ कोण थांबेल, हे समितीने ठरवावयाचे असते.

येथे वेळेला सर्वांत अधिक महत्त्व आहे. टोळी ऑक्टोबरमध्ये निघावयाची आणि मुलांची यादी डिसेंबरमध्ये व्हावयाची, असे घडले तर मूल आधीच फडावर पोहोचलेले असते. मंजुरी व निधी यांना विलंब लागतो, उधारीवर किती दिवस भागवावे असा पेच पडतो, ही अनेक गावांची तक्रार आहे आणि ती अनाठायी नाही. म्हणूनच समितीने ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच घरोघर जाऊन विचारपूस करावी, ठराव करून यादी पंचायत समितीकडे पाठवावी आणि पाठविल्याची पोच जपून ठेवावी. वेळेवर केलेली मागणी विलंबाचा जाब विचारू शकते. उशिरा केलेल्या मागणीला तो अधिकार उरत नाही.

यादीही खरी असली पाहिजे. ज्याचे आईबाप गावातच आहेत अशा मुलाचे नाव घातले आणि खऱ्या गरजूचे राहून गेले, तर त्याच्या ताटातला घास दुसऱ्याकडे जातो. यादीचे वाचन ग्रामसभेत व्हावे. गावात कोण आहे आणि कोण गेले, हे गावापासून लपत नाही.

आणखी एक गोष्ट समितीने सहृदयतेने लक्षात घ्यावी. सहा-सात वर्षांचे मूल पाच महिने मागे ठेवणे आईला सोपे नसते. आजी थकलेली आहे, मुलगी वयात येत आहे, रात्री काही दुखले-खुपले तर कोण पाहील, ही तिची काळजी अडाणीपणाची नव्हे. तिला केवळ उपदेश करून भागणार नाही. मुलींच्या सोबतीला गावातील विश्वासू महिला असणे, आठवड्यातून ठरल्या वेळी आईशी दूरध्वनीवर बोलणे करून देणे, आरोग्य उपकेंद्राशी संपर्क ठेवणे, एवढी हमी समितीने दिली, तर मूल मागे ठेवण्याचे धैर्य आईला होईल.

शासनानेही या कुटुंबांसाठी पुढचे पाऊल टाकले आहे. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेस मान्यता मिळाली. ऊसतोड कामगारांची संख्या अधिक असलेल्या ४१ तालुक्यांत मुलांसाठी व मुलींसाठी मिळून ८२ वसतिगृहे उभारावयाची, असे तिचे स्वरूप आहे. तालुक्याच्या ठिकाणचे वसतिगृह मोठ्या वयाच्या मुलांना उपयोगी पडेल. पहिली-दुसरीतील मुलाला मात्र गावातील शाळेचाच आधार लागणार.

गावात येणारी मुले

सोनारीच्या बाबतीत या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. सोनारीत साखर कारखाना आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला, की कारखान्याच्या परिसरात आणि आसपासच्या फडांवर बाहेरच्या टोळ्या उतरतात. त्यांच्याबरोबरही मुले असतात. एका गावची गैरहजर मुले ती दुसऱ्या गावच्या शिवारात दिसणारी मुले होत.

या मुलांना प्रवेश देणे ही मेहेरबानी नव्हे. स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना प्रवेश मिळेल हे पाहण्याचे कर्तव्य अधिनियमाने स्थानिक प्राधिकरणावर सोपविले आहे. दाखला उशिरा आला, या सबबीवर प्रवेश लांबविता येत नाही. वयानुरूप वर्गात बसवून, मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. मूल कोठेही गेले तरी तेथील शाळेत दाखल व्हावे, यासाठी राज्यात शिक्षण हमी पत्रकाची पद्धतही ठेवली आहे. म्हणून हंगामाच्या पहिल्याच पंधरवड्यात समितीच्या दोन सदस्यांनी शिक्षकांसह कोप्यांवर फेरी मारावी आणि मुलांची नावे, वये व मूळ शाळा टिपून घ्याव्यात. जी काळजी आपल्या गावच्या मुलाबाबत परक्या गावाने घ्यावी असे वाटते, ती परक्या मुलाबाबत आपल्या गावी घेतली जावी.

उपक्रम कोणते असावेत

स्नेहसंमेलन, सहल, क्रीडास्पर्धा यांनी शाळेत चैतन्य येते, आणि ती अवश्य व्हावीत. तथापि उपक्रमाचे मोल त्याच्या थाटावर ठरत नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा हेतू अगदी साधा आहे. तिसरीपर्यंतच्या मुलाला समजून वाचता यावे आणि त्याला साधे गणित यावे. समितीच्या दर बैठकीत दोन-चार मुलांना प्रेमाने जवळ बोलावून एक उतारा वाचावयास सांगितला, तर शाळेची प्रगती कोणत्याही अहवालाशिवाय कळेल. सायंकाळचा अभ्यासवर्ग, वाचनाचा तास, तोडीवरून परतलेल्या मुलांसाठी एप्रिलमधील उजळणी वर्ग, हे उपक्रम कमी खर्चाचे आहेत, आणि या गावाच्या गरजेतून आलेले आहेत. गावात शिकून मोठी झालेली मुले-मुली सुटीत घरी असतात. त्यांनी दिवसाचा एक तास दिला, तरी मनुष्यबळाची अडचण दूर होईल.

धाराशिव जिल्ह्याचा समावेश २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाला. त्या जिल्ह्यांची प्रगती मोजताना आरोग्य व पोषण यांच्या बरोबरीने शिक्षणाला सर्वाधिक भार दिला आहे. पण जिल्ह्याचा आकडा आकाशातून पडत नाही. तो गावोगावच्या शाळांतून, वर्गातल्या भरलेल्या आणि रिकाम्या जागांतून तयार होतो.

समितीचे पुढचे काम

येत्या बैठकीत समितीने तीन ठराव तरी करावेत. शाळेचा जमाखर्च दरमहा फळ्यावर लिहावा, हा पहिला. तोडीला जाणाऱ्या कुटुंबांची आणि मागे राहणाऱ्या मुलांची यादी सप्टेंबरअखेर ग्रामसभेत वाचून पंचायत समितीकडे धाडावी, हा दुसरा. हंगामात गावात येणाऱ्या मुलांसाठी कोप्यांवरील फेरीची जबाबदारी नावानिशी ठरवावी, हा तिसरा. या तिन्ही ठरावांना नव्या शासकीय आदेशाची गरज नाही आणि मोठ्या निधीचीही नाही. त्यांवर सही करणाऱ्या प्रत्येक मातेला त्यांतील मजकूर वाचून दाखवावा, आणि तिचे म्हणणे इतिवृत्तात तिच्याच शब्दांत लिहावे.

चैत्रात यात्रा भरते, तेव्हा हंगाम आटोपून टोळीची माणसे गावी परतू लागलेली असतात. त्या वेळी एखाद्या मातेला तिच्या मुलाने पुस्तकातला धडा न अडखळता वाचून दाखवावा, एवढे सामर्थ्य गावाच्या समितीत निश्चित आहे. त्याची तयारी मात्र पाऊसकाळातच सुरू करावी लागेल.